पान हिरवंगार, दाणा अर्धवट: हवेच्या प्रदूषणाने साखर पानातच अडकते का?

खाजणकाठ (माणगाव)

उन्हाळी भात आणि खरीप भातामागून घेतलेले कडवे वाल, या दोन पिकांबद्दल विचारतो आहे. क्षेत्र कालव्याच्या पाण्यावरचं. महामार्ग पाऊण किलोमीटरवर, पश्चिमेला काही अंतरावर औद्योगिक वसाहत. भाताची पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात, पेंढा वजनदार निघतो, पण लोंबीच्या खालच्या भागातले दाणे अर्धवट भरलेले असतात. सगळेच पळींज (पोकळ) नाहीत. सोलले तर आत बारीक, खडूसारखा तांदूळ सापडतो. वालाच्या जुन्या पानांवर वरच्या बाजूने बारीक तपकिरी ठिपके येतात आणि मुळं उपटून पाहिली तर फारच तोकडी. खरीप भातात मात्र यातलं काही दिसत नाही.

दूषित हवेने पान भाजतं, प्रकाशसंश्लेषण घटतं, एवढं माहीत आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पानात तयार झालेली साखर बाहेर नेण्याचं काम हवेमुळे वेगळं बिघडतं का? बिघडत असेल तर ते प्रयोगशाळेशिवाय शेतावर ओळखता येतं का?

रसवाहिनी (दापोली)

बिघडतं. नेमकं कुठे बिघडतं ते आधी पाहू, म्हणजे तोकड्या मुळांचा अर्थही लागेल.

पानात दिवसा तयार होणारी साखर बाहेर पाठवली जाते ती मुख्यतः सुक्रोजच्या रूपात. पानाच्या पेशींतून सरकत ती बारीक शिरेपाशी येते. तिथे बऱ्याच पिकांत तिला एकदा पेशीच्या बाहेर, पेशीभित्तिकांमधल्या ओलसर जागेत उतरावं लागतं. उतरवण्याचं काम ‘स्वीट’ गटातली प्रथिनं करतात. तिथून ‘सट’ गटातली वाहक प्रथिनं तिला उचलून रसवाहिनीत, म्हणजे साखरेचा रस वाहून नेणाऱ्या नळीत, भरतात. हे भरणं चढावरचं आहे, कारण रसवाहिनीत साखर आधीच दाटलेली असते. म्हणून पेशी एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं इंधन) खर्चून हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलते. ते आयन परत आत शिरताना सुक्रोजला बरोबर घेऊन येतात. आत साखर दाटली की पाणी शिरतं, दाब वाढतो, आणि त्या दाबानेच रस मुळाकडे, शेंगेकडे, लोंबीकडे वाहतो. म्यूंख यांनी १९३० मध्ये मांडलेली दाबप्रवाहाची ही कल्पना आजही टिकून आहे. रसाचा वेग ताशी साधारण अर्धा ते एक मीटर धरा.

दूषित हवेतला ओझोन पर्णरंध्रातून आत शिरतो आणि त्याची पहिली गाठ पडते ती याच ओलसर जागेशी. तिथलं क जीवनसत्त्व त्याला काही काळ थोपवतं. ते कमी पडलं की ओझोनपासून तयार झालेले प्राणवायूचे तिखट रेणू पेशीपटलावर तुटून पडतात. साखर भरणारे वाहक आणि आयन ढकलणारा पंप, दोन्ही याच पटलात बसलेले. त्यातच पेशीला इजा झाल्यावर रसवाहिनीच्या चाळणीपट्टीवरची भोकं कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजू लागतात.

पिमा कापसावर झालेल्या प्रयोगांत थोडाच वेळ ओझोन दिला, तरी पानातून साखर बाहेर जाण्याचा वेग प्रकाशसंश्लेषणाच्या मानाने जास्त घटला. म्हणजे कारखाना चालू, पण माल फाटकाबाहेर पडेना. दीर्घकाळ ओझोन मिळाला तर मात्र चित्र मिसळतं. प्रकाशसंश्लेषणही घटतं, आणि पान दुरुस्तीसाठी स्वतःचीच साखर जाळू लागतं. त्यामुळे जुन्या, डागाळलेल्या पानात साखर साचलेलीच सापडेल असं गृहीत धरू नका.

मुळं आधी का तोकडी होतात? मुळांना साखर पुरवतात ती प्रामुख्याने खालची पानं. वरची पानं शेंडा आणि फळं सांभाळतात. खालचं पान वयाने मोठं, म्हणजे त्याने सर्वांत जास्त दिवस ओझोन घेतलेला. त्यामुळे उपासमार मुळांपासून सुरू होते. वालात त्यापुढे गाठी येतात. गाठीतल्या जिवाणूंना नत्र बांधायला साखर लागते. ती कमी पडली की गाठी लहान राहतात आणि कापल्यावर आतून गुलाबीऐवजी फिक्या किंवा हिरवट दिसतात. दोन-चार गाठी ब्लेडने उभ्या कापून पाहाच.

भाताबद्दल एक सावधगिरी. भाताच्या पानात साखर भरण्याचा रस्ता नेमका कोणता, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. ‘ओएस-सट-१’ हा वाहक दाबून टाकलेल्या भातात पानाचं काम ठीक चाललं, बिघडलं ते दाणा भरणं. म्हणून भातात अडचण पानात आहे, खोडात आहे की दाण्याच्या दाराशी, हे तपासल्याशिवाय बोलू नये.

गंधकधूर (रोहा)

ओझोनइतकंच सल्फर डायऑक्साइडकडेही बघा, कारण साखरेच्या वाहतुकीवरचा त्याचा परिणामही अभ्यासला गेला आहे. घेवड्याच्या झाडांना हा वायू कमी प्रमाणात दिला, तेव्हा प्रकाशसंश्लेषणात फारसा फरक न पडताही साखर बाहेर जाणं स्पष्ट घटलं. पानातल्या पाण्यात विरघळून तो सल्फाइट आणि बायसल्फाइट होतो, पेशीचा सामू (पीएच, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचं माप) खाली ओढतो. साखर भरण्याची सगळी यंत्रणा पटलाच्या दोन बाजूंच्या सामूतल्या फरकावर चालते, हे रसवाहिनी यांनी वर सांगितलंच आहे.

डोळ्यांनी दिसणारा फरक असा. सल्फर डायऑक्साइडचा मारा पूर्ण उमललेल्या तरुण पानांवर जास्त दिसतो. शिरांच्या मधला भाग हस्तिदंती, फिका होतो, शीर हिरवी राहते, आणि डाग पानाच्या आरपार असतो. ओझोनचे ठिपके बारीक, तपकिरी किंवा तांबूस, फक्त वरच्या बाजूला आणि जुन्या पानांवर. दुसऱ्या पानाची सावली पडलेला भाग बहुधा स्वच्छ राहतो. तुमचं वालाचं वर्णन ओझोनशी जुळतं. पण भिंगाने पान उलटं करून बघा. खाली लाल कोळी किंवा त्याची जाळी दिसली तर प्रश्न तिथेच मिटतो.

हवा दमट असली की पर्णरंध्रं उघडी राहतात आणि कुठलाही वायू जास्त आत जातो. त्यामुळे कोरड्या हवेच्या प्रदेशातले आकडे आपल्या किनाऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

जांभामाती (चिपळूण)

हवेवर खापर फोडण्याआधी जमीन तपासा. हे आग्रहाने सांगतो, कारण मॅग्नेशियमची आणि पालाशची (पोटॅशियमची) कमतरता नेमकी हीच लक्षणं देते, आणि कोकणात दोन्ही सर्रास आहेत. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस जांभ्याच्या आम्ल मातीतून दरवर्षी ही मूलद्रव्यं धुऊन नेतो.

आयन ढकलणारा तो पंप एटीपीवर चालतो, आणि एटीपी मॅग्नेशियमला जोडलेला असेल तरच पंपाला वापरता येतो. मॅग्नेशियम कमी पडलं की पान पिवळं पडण्याच्या कितीतरी आधी साखर पानात साचते आणि मुळं खुरटतात. पालाशचंही तसंच. म्हणजे पान हिरवं, मूळ तोकडं, दाणा हलका हे सगळं चित्र स्वच्छ हवेतही तयार होऊ शकतं.

मुळांच्या वाट्यावरून काही कारणं मात्र गाळता येतात. नत्र किंवा स्फुरद कमी असेल, किंवा पाण्याचा ताण असेल, तर झाड मुळांना जास्त वाटा देतं. ओझोनचा मारा असेल, किंवा मॅग्नेशियम-पालाश कमी असेल, तर वाटा घटतो. वालाची २० झाडं फुलोऱ्यात, ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या ढेकळासकट काढा. बादलीत अर्धा तास भिजवा, पिठाच्या चाळणीवर धुवा, म्हणजे तंतुमुळं वाहून जाणार नाहीत. मूळ आणि वरचा भाग वेगळा करून आधी उन्हात, मग ६५ ते ७० अंशांवर ४८ तास वाळवा आणि वजन करा. भातात पूर्ण मूळ काढणं अवघड. त्यासाठी चुडाभोवती (एका ठिकाणच्या रोपांच्या झुपक्याभोवती) १५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि २० सेंटिमीटर खोल असा सारखा ठोकळा प्रत्येक ठिकाणी कापा. तुलना करायची ती त्याच जातीच्या, त्याच तारखेच्या, रस्त्यापासून आणि वसाहतीपासून लांबच्या शेताशी.

मग फवारणीची चाचणी घ्या. दोन-दोन गुंठ्यांच्या तीन पट्ट्या. पहिलीत मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. दुसरीत ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट), तेही लिटरला १० ग्रॅम. तिसरीत नुसतं पाणी. गुंठ्याला ५ लिटर द्रावण पुरतं, म्हणजे एका पट्टीला १० लिटरमध्ये १०० ग्रॅम. फुलोऱ्याच्या आधी एक आणि १० दिवसांनी दुसरी फवारणी. पालाशसाठी पोटॅशियम नायट्रेट वापरू नका; त्यातल्या नत्राने पीक तरारतं आणि चाचणी फसते. पहिल्या दोन पट्ट्यांपैकी एखादीत मुळं आणि शेंगा स्पष्ट सुधारल्या तर दोष जमिनीचा. काहीच फरक नसेल तर हवेवरचा संशय बळावतो.

तुमचं नाव खाजणकाठ आहे म्हणून विचारतो, भरतीचं पाणी मुरतं का तिथे? मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की भात मार खायला लागतो, आणि क्षारही दाणा भरू देत नाहीत. ते आधी मोजून घ्या.

खाजणकाठ (माणगाव)

भरतीचं पाणी या शेतात येत नाही. हे कालव्याखालचं वरकस अंगाचं (उंचावरचं) आहे. तरी विद्युतवाहकता मोजून घेतो. कोळी नाही, भिंगाने पाहिलं आहे.

आणखी दोन शंका. आयोडीनने पानातला स्टार्च तपासून साखर अडल्याचं कळेल का? आणि हवेचा ओझोन सरकारी मर्यादेत असेल तर पिकाला काही होणार नाही असं म्हणता येईल का?

मतलई (अलिबाग)

दुसऱ्या शंकेचं उत्तर: नाही, म्हणता येणार नाही.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. तेवढा ओझोन म्हणजे साधारण ५० पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत ५० भाग). ही मर्यादा मुख्यतः माणसाच्या आरोग्यासाठी आहे. पिकासाठी युरोपात वापरतात ती मोजणी वेगळी. दिवसाउजेडी दर तासाला ४० पीपीबीच्या वर जेवढा ओझोन असेल तेवढाच जादा भाग घ्यायचा आणि तीन महिने बेरीज करत जायची. ही बेरीज ३००० पीपीबी-तासांवर गेली की गव्हासारख्या संवेदनशील पिकाचं उत्पादन सुमारे ५ टक्के घटतं, असं धरतात.

आता हिशेब करून बघा. रोज ८ तास ५० पीपीबी म्हणजे मानकाच्या आत. पण दर तासाला १० जादा, दिवसाला ८०, आणि ३८ दिवसांत ३००० पार. आकडा गव्हाचा आणि युरोपातला आहे, भात-वालाला तो तंतोतंत लावू नका. पण मर्यादेत राहूनही पीक मार खाऊ शकतं हे त्यातून स्पष्ट होतं.

खरीप भात सुटतो आणि उन्हाळी भात सापडतो, याचं कारणही हवेतच आहे. ओझोन धुराड्यातून बाहेर पडत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या, द्रावकांच्या वाफा उन्हात शिजून तो तयार होतो. पावसाळ्यात ऊन नाही, पाऊस हवा धुतो, वारा समुद्रावरून स्वच्छ येतो. हिवाळा सरता सरता आभाळ निरभ्र, वारा मंद. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. रात्री मतलई वारे जमिनीवरचा धूर समुद्रावर नेऊन ठेवतात. सकाळी पाण्यावरच्या त्या हवेत ओझोन तयार होतो आणि दुपारी खारे वारे तोच परत किनाऱ्यावर आणतात. म्हणून समुद्राकडून येणारी दुपारची झुळूक डिसेंबर ते मेमध्ये स्वच्छच असेल असं समजू नये.

आणि रस्त्याबद्दल लोकांचा अंदाज बऱ्याचदा उलटा असतो. गाड्यांच्या धुरातला ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो, त्यामुळे महामार्गाच्या अगदी कडेला ओझोन कमी आणि वाऱ्याच्या दिशेने काही किलोमीटर पुढे जास्त सापडतो. कडेच्या शेताचं दुखणं धुळीचं, आतल्या शेताचं ओझोनचं. तुलनेसाठी ‘लांबचं’ शेत निवडताना हे ध्यानात ठेवा. जांभामाती म्हणतात तसं नुसतं लांबचं घेऊन चालणार नाही; वाऱ्याच्या उलट बाजूचं, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडचं घ्या.

रसवाहिनी (दापोली)

आयोडीनची चाचणी वालाला उत्तम लागू पडते, भाताच्या पात्याला नाही. भाताचं पातं साखर बहुतेक सुक्रोज म्हणूनच ठेवतं, स्टार्च फार थोडा. भाताचा स्टार्च साठतो तो पानाच्या आवरणात आणि खोडाच्या कांड्यात. दोन्हींची पद्धत देतो.

वाल: सारख्या वयाची, शेंड्याकडून चौथ्या-पाचव्या पेऱ्यावरची १० पानं सूर्यास्ताला आणि त्याच झाडांवरची शेजारची १० पानं दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी तोडा. उजाडल्यावर अर्धा तास जरी गेला तरी पान पुन्हा स्टार्च करायला लागतं. तोडल्या तोडल्या उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा, म्हणजे पेशी मरतात आणि पुढे काही बदलत नाही. मग स्पिरिटमध्ये पान फिकट होईपर्यंत ठेवा. स्पिरिटची बाटली थेट आचेवर ठेवायची नाही. आच बंद करून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, नाहीतर भडका उडतो. पान कडक झालेलं असतं, कोमट पाण्यात हलवलं की मऊ होतं. पांढऱ्या ताटलीत पसरून कोऱ्या चहाच्या रंगाचं, पातळ केलेलं टिंक्चर आयोडीन ओता आणि पाच मिनिटांनी धुऊन उजेडासमोर धरा.

संध्याकाळचं पान निळं-काळं व्हायला हवं. पहाटेचं पान पिवळट तपकिरी, कारण निरोगी पान रात्रीत जवळपास सगळा स्टार्च साखर करून पाठवून देतं. पहाटेच्या पानात शिरांच्या मधे काळे-निळे पट्टे उरले, तर माल अडला आहे. पट्टे ठिपक्यांच्या आसपासच आहेत की सगळीकडे, हेही टिपून ठेवा.

पण अडलेलं पान दिसतं कसं हे माहीत नसेल तर नुसत्या नजरेने फसायला होतं. म्हणून एक पान मुद्दाम अडवा. दुपारी एका निरोगी पानाच्या देठाच्या २ सेंटिमीटर भागावर उकळत्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरा. रसवाहिनी जिवंत पेशींची असते, ती मरते. जलवाहिनी मेलेल्या पेशींचीच नळी, ती पाणी देत राहते. देठ तिथे मऊ पडून वाकतो, म्हणून काडीचा आधार देऊन दोऱ्याने सैल बांधा. पान टवटवीत राहतं, पण साखर बाहेर जात नाही. हेच पान पहाटे बाकीच्यांबरोबर रंगवा. ते गडद काळं निघेल, आणि तुमच्या शेतातली पानं या टोकाच्या किती जवळ आहेत ते लगेच कळेल.

भात: निसवणीच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) दिवशी आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी २० फुटव्यांचं वरून तिसरं कांडं आवरणासकट आडवं कापा आणि कापावर आयोडीनचा थेंब टाका. निसवणीला काप काळा होतो. तीन आठवड्यांनी तो फिका व्हायला हवा, कारण दाण्यातल्या पिष्टाचा काही हिस्सा खोडातल्या या साठ्यातून येतो. तेव्हाही काळाच राहिला तर साठा खोडातच राहिला आणि तुमचा वजनदार पेंढा त्यामुळेच.

इथे सर्वांत जास्त चुका होतात. खोडात साठा राहिला म्हणजे वाहतूक अडली, असं लगेच म्हणू नका. फुलोऱ्यात हवा ३५ अंशांच्या वर गेली तर परागकण निकामी होतात, दाणा धरतच नाही, आणि घेणाराच नसेल तर साखर खोडात पडून राहते. म्हणून दाणे वेगळे करा. १० लिटर पाण्यात ९०० ते ९५० ग्रॅम मीठ विरघळवलं की द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व साधारण १.०६ होतं. त्यात बुडतात ते पूर्ण भरलेले. तरंगणारे हाताने दाबून दोन ढीग करा: अगदी चपटे, रिकामे म्हणजे धरलेच नाहीत, आत बारीक तांदूळ असलेले म्हणजे धरले पण भरले नाहीत. पहिला ढीग मोठा असेल तर दोष उष्णतेचा किंवा फुलोऱ्यातल्या दुसऱ्या कशाचा. दुसरा मोठा असेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं, तर भरणीत अडथळा आहे. बियाण्यासाठी आपण वापरतो ते ३ टक्के मिठाचं पाणी इथे चालणार नाही. त्यात अर्धवट दाणेही बुडतात.

ब्रिक्समापकाने पानाच्या रसाची साखर मोजू नका. तो साखर आणि क्षार एकत्रच मोजतो, आणि पान जरा सुकलं तरी आकडा वर जातो.

चिरेखाण (राजापूर)

धुळीबद्दल थोडं, कारण आमच्या बाजूला आंब्याच्या बागांत तोच प्रश्न जास्त विचारला जातो. धूळ साखरेची वाहतूक सहसा थेट अडवत नाही; ती साखर तयारच होऊ देत नाही. उजेड अडतो, पान तापतं. आंब्याच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात, त्यामुळे वरच्या पृष्ठावरची चिऱ्याची तांबडी धूळ रंध्रं बुजवत नाही. भाताच्या पात्याला दोन्ही बाजूंना रंध्रं असतात, तिथे ती बुजतात. आयोडीनची चाचणी इथेही उपयोगी: धुळीने माखलेलं पान संध्याकाळीच फिकं निघतं. ओझोनने अडलेलं पान पहाटे गडद निघतं. दोन दुखणी वेगळी करायला याहून सोपा मार्ग नाही.

हापूसचं मोठं झाड धुवायचं ते पंपाने, सकाळी लवकर. मोहोर उमलल्यावर धुऊ नका. परागकण वाहून जातात आणि करपा बळावतो. मोहोराच्या आधी एकदा आणि फळ सुपारीएवढं झाल्यावर पुन्हा, एवढं पुरे.

वीटभट्टीजवळच्या बागांत वेगळं दुखणं असतं. तिथल्या धुरात सल्फर डायऑक्साइड, इथिलीन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फळाचं टोक काळं पडतं. विटांची माती भाजताना तिच्यातून निघणाऱ्या फ्लोराइडमुळे पानांची टोकं, कडा करपतात. समुद्राच्या खाऱ्या तुषारांनीही कडा करपतात, पण त्या झाडाच्या समुद्राकडच्या अंगालाच. तीन लक्षणं एकमेकांत मिसळू देऊ नका.

जांभामाती (चिपळूण)

मतलई यांची दुरुस्ती मान्य, तुलनेचं शेत वाऱ्याच्या उलट बाजूचंच हवं.

आता करायचं काय. हवा आपल्या हातात नाही, पण पिकाची नाजूक वेळ कधी यायची हे बरंच आपल्या हातात आहे. उन्हाळी भाताची रोपवाटिका डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाकली आणि लवकर येणारी जात घेतली, तर निसवणी मार्चच्या सुरुवातीला उरकते. पुढचं तापतं ऊन आणि ३५ अंशांची उष्णता दोन्ही बऱ्याच अंशी टळतात. वालही भात कापल्यावर ओल आहे तोवर, शक्य तितक्या लवकर पेरा.

पालाशचा सगळा हप्ता लावणीला देऊ नका; निम्मा लोंबी धरण्याच्या वेळेसाठी राखा. जमिनीत मॅग्नेशियम कमी निघालं तर चुन्याऐवजी डोलोमाइट, माती परीक्षणात सांगितलेल्या प्रमाणात. नत्राचा जादा हात आवरा. भरपूर नत्राने पानं रुंद आणि हिरवी होतात, दाणा तेवढाच राहतो, आणि पेंढा पाहून पीक चांगलं असल्याचा भास होतो.

राब भाजण्याबद्दलही (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, शेण जाळण्याबद्दल) बोलायला हवं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत, म्हणजे ओझोनच्या ऐन काळात, आपल्याकडे राब भाजले जातात, वणवे लागतात. गादीवाफ्यावर राबाशिवाय रोपं उत्तम होतात आणि तण आवरायला हाताने बेणणी पुरते. एकट्या राबाने ओझोन होत नाही, पण त्या धुरातही ओझोन तयार करणाऱ्या वाफा आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, आणि ते थांबवणं आपल्याच हातात आहे.

बाजारात ‘ओझोनरोधक’ म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. ईडीयू नावाचं रसायन प्रयोगांत वापरतात, ते ओझोनने किती नुकसान झालं हे मोजण्यासाठी. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळींतला फरक बघायचा, एवढंच त्याचं काम. शेतातल्या वापरासाठी ते नाही.

खाजणकाठ (माणगाव)

आराखडा असा करतो. वालाच्या फुलोऱ्याआधी तीन पट्ट्यांची फवारणी सुरू, आणि फुलोऱ्यात मुळांची वजनं. त्याच आठवड्यात आयोडीन, देठ अडवलेल्या पानासकट, दोन्ही शेतांत. भाताला निसवणी आणि त्यानंतर तीन आठवडे, कांड्याचे काप. कापणीला मिठाच्या पाण्यात दाणे. पहाटेची पानं दोन्ही शेतांत एकाच वेळी तोडायची तर माणसं दोन लागतील.

रसवाहिनी (दापोली)

हो, दोन माणसं लागतील, आणि घड्याळ लावूनच तोडा. ढगाळ दिवसानंतरची पहाट घेऊ नका. आदल्या दिवशी ऊनच नसेल तर दोन्हीकडची पानं फिकी निघतील. लागोपाठ दोन निरभ्र दिवस गेल्यानंतरची घ्या. आणि पिशव्यांवर पेन्सिलने लिहा. दवाने आणि स्पिरिटने पेनाची शाई पसरते.